औषध कोणास म्हणावें?

‘औषध सांपडलें’ हे दोन शब्द प्रयोगशाळेंत एका अर्थानें उच्चारले जातात आणि दुखणाइताच्या घरांत दुसऱ्याच अर्थानें ऐकले जातात. प्रयोगशाळेंत त्यांचा अर्थ बहुधा इतकाच असतो कीं, एका नव्या पदार्थानें भांड्यांत वाढविलेल्या कांहीं रोगट पेशींची वाढ रोखली. घरांत त्यांचा अर्थ असा होतो कीं, बाबा आतां बरे होतील. या दोन अर्थांमधील अंतर किती आहे, तें कोणीं कापावयाचें, आणि तें कापलें जाईपर्यंत कोणीं काय बोलावें, हा प्रश्न वरवर पाहतां वैद्यकाचा दिसतो. आमच्या मतें तो नीतीचा प्रश्न आहे, आणि रसायनशास्त्राच्या पदवीवांचूनही सुशिक्षित गृहस्थास त्याचा विचार करतां येण्यासारखा आहे.

या विचारासाठीं आम्ही मुद्दाम हिंगोली जिल्हा डोळ्यांपुढें ठेवितों. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हा मराठवाड्यांतील लहानसा जिल्हा. औंढ्याचा नागनाथ येथला, नामदेवांची नरसी येथली, आणि वसमतची हळदही येथलीच. येथील महाविद्यालयें १९९४ सालीं स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रांत येतात. मोठीं यंत्रें, मोठीं रुग्णालयें व मोठे निधि मुंबई-पुण्याकडे. पण नवीं संयुगें घडविण्याचें काम मात्र महाराष्ट्रांतील जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गांवींही चालत असतें. त्यांतील कांहीं संयुगें कर्करोगाच्या पेशींवर, आणि त्यांतही पुष्कळदां प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींवर, तपासून घेतलीं जातात. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची पुरःस्थ ग्रंथि. हिला होणारा कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा रोग आहे. म्हणून ज्या घरांत वृद्ध पुरुष आहे, त्या प्रत्येक घराचा या विषयाशीं संबंध पोहोंचतो.

हें काम चालतें कसें, तें प्रथम पाहूं. एक आल्डिहाइड व एक कीटोन अल्कलीच्या द्रावणांत एकत्र आणले म्हणजे चाल्कोन नांवाचें, बहुधा पिंवळें, स्फटिकमय संयुग मिळतें. त्यावर हायड्राझीनची क्रिया घडविली कीं नायट्रोजनयुक्त कड्याचें दुसरें संयुग होतें. मूळ द्रव्यांत कोठें क्लोरिन, कोठें मेथॉक्सी गट बदलून घेतला कीं एकाचीं दहा संयुगें होतात. खर्च बेताचा आणि साधनें साधीं, म्हणून लहान महाविद्यालयासही हें झेपतें. मग तीं दहा पुड्या खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेसारख्या ठिकाणीं तपासणीस जातात. तेथें बारीक खळग्यांच्या तबकडींत पेशी वाढवितात व त्यांवर संयुग कमीअधिक मात्रेंत सोडतात. ठरलेल्या वेळानें त्या पेशींस गुलाबी रंग देऊन जास्तीचा रंग धुऊन टाकतात. हा रंग पेशींतील प्रथिनांना चिकटतो. तेव्हां रंग गडद तर पेशी पुष्कळ, रंग फिका तर पेशी थोड्या. शेजारीं सिद्ध झालेलें एखादें औषध तुलनेस ठेविलेलें असतें. एका मिलिलिटरमागें १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेनें पेशींची वाढ निम्म्यावर आली, तर तें संयुग ‘क्रियाशील’ म्हणून नोंदलें जातें. येथपर्यंत सर्व यथासांग आहे, आणि या कष्टांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे.

पण या ‘क्रियाशील’ शब्दानें नेमकें काय सांगितलें? या तपासणींत नेहमीं वापरल्या जाणाऱ्या पीसी-३ नांवाच्या पेशींचें वर्णन १९७९ सालीं प्रसिद्ध झालें. बासष्ट वर्षांच्या एका पुरुषाच्या हाडांत पसरलेल्या रोगांतून त्या घेतल्या होत्या. तो गृहस्थ केव्हांच गेला. त्याच्या रोगाचा वंश मात्र जगभरच्या भांड्यांतून अद्याप वाढत आहे. बहुतेक रुग्णांत हा रोग प्रारंभीं पुरुषी संप्रेरकांवर पोसला जातो. या पेशींना त्या संप्रेरकांची गरजच उरलेली नाहीं. म्हणजे ज्या शत्रूवर आपण शस्त्र चालवून पाहिलें तो पुष्कळ बाबतींत निराळाच शत्रु आहे. शिवाय भांड्यांतील पेशी मारणें हें फारसें अवघड नाहीं; साबणाचें पाणीही त्यांना मारतें. अवघड आहे तें इतर पेशींस न दुखवितां तेवढ्याच मारणें. आणि पोटांत गेलेल्या द्रव्यानें पचनांतून सुटून, यकृताच्या हातून निसटून, योग्य त्या मात्रेंत योग्य त्या ठिकाणीं पोहोंचणें हें त्याहूनही अवघड आहे. गुलाबी रंगाला यांतलें कांहींच ठाऊक नसतें. त्याला जें विचारलें तेवढेंच तो सांगतो. अधिक बोलतो तो आपण.

येथें कोणी म्हणेल कीं, प्रत्येक मोठ्या औषधाचा आरंभ असाच लहान असतो. हें खरें आहे, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाचा इतिहासच त्याला साक्ष आहे. चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३८ सालीं इंग्लंडांत डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल नांवाचें एक कृत्रिम संयुग तयार केलें. स्त्री-संप्रेरकाचें कार्य तें करीत असे आणि स्वस्तांत मिळे. १९४१ सालीं शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनीं दाखविलें कीं, शस्त्रक्रियेनें वृषण काढले किंवा स्त्री-संप्रेरक दिलें तर प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोगही मागें हटतो. या शोधाबद्दल त्यांना १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अंथरुणास खिळलेले, हाडांच्या वेदनांनीं तळमळणारे रुग्ण उठून बसूं लागले. या संयुगास औषध म्हणण्यास कोणाची हरकत असणार? तरी अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनीं १९६० पासून त्याची पद्धतशीर तुलना आरंभिली, आणि १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एक विलक्षण गोष्ट दिसली. रोज ५ मिलिग्रॅमच्या मात्रेनें कर्करोगाचे मृत्यु घटत होते; पण हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकारांनीं होणारे मृत्यु वाढून तो लाभ खाऊन टाकीत होते. एका वैद्यास एका रुग्णाच्या उशाशीं बसून हें कधींच दिसलें नसतें. वृद्ध मनुष्य हृदयविकारानें गेला, त्यांत नवल तें काय, असेंच त्याला वाटलें असतें.

याच संयुगाची दुसरी हकीकत अधिक बोलकी आहे. गर्भपात टळावा म्हणून तें गर्भवती स्त्रियांनाही देत. १९५३ सालीं शिकागो विद्यापीठांत सुमारें १,६०० स्त्रियांवर झालेल्या तुलनात्मक प्रयोगानें स्पष्ट सांगितलें कीं, त्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. उत्तर मिळालें, छापलें गेलें. पण ऐकलें गेलें नाहीं. औषध पुढेंही अनेक वर्षें दिलें जात राहिलें. १९७१ सालीं असें उघडकीस आलें कीं, ज्या मातांनीं गरोदरपणीं तें घेतलें होतें त्यांच्या कांहीं मुलींना ऐन तारुण्यांत योनिमार्गाचा दुर्मिळ कर्करोग झाला आहे. या अनर्थांत दुष्ट हेतु कोणाचा होता? आम्हांस तर कोणाचाच दिसत नाहीं. डॉक्टर दयाळू होते, माता आशेनें आल्या होत्या. उणीव एकच होती: परीक्षेनें दिलेला नकार ऐकून घेण्याची तयारी नव्हती. ज्या दयेस नकार ऐकवत नाहीं, ती दया घातक होऊं शकते, हें आम्हांस येथें दिसतें.

आतां हिंगोलीकडे वळूं. कारण आपल्या घरचीही अशीच एक दुखरी जागा आहे, आणि ती पिंवळी आहे. जखमेवर हळद लावण्याचें पेटंट १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळालें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास आव्हान दिलें, आणि १९९७ सालीं तें रद्द झालें. हा विजय आपणांस भूषणावह आहे खरा. पण तो कशानें मिळाला? ‘आमची हळद थोर’ असें ओरडून नव्हे; हा उपयोग पूर्वींपासून ज्ञात होता असे लेखी पुरावे पुढें मांडून. हाच न्याय उलट बाजूसही लावावा लागतो. हळदींतील पिंवळें द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. वर सांगितलेलें चाल्कोन हें रचनेनें त्याचेंच लांबचें भावंड. प्रोस्टेटच्या पेशींवर, आणि इतरही अनेक रोगांच्या पेशींवर, कर्क्युमिन असंख्य वेळां ‘क्रियाशील’ ठरलें. परंतु २०१७ सालीं ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’ या नियतकालिकांत आलेल्या विस्तृत समीक्षेनें असा निर्वाळा दिला कीं, रुग्ण व वैद्य या दोघांनाही कोणास काय दिलें तें ठाऊक नसतां केलेल्या एकाही तुलनात्मक प्रयोगांत तें यशस्वी ठरलेलें नाहीं. तें टिकाऊ नाहीं आणि रक्तांत फारच थोडें शोषलें जातें. शिवाय त्याच्या स्वतःच्या रंगामुळें व क्रियाशीलतेमुळें कित्येक तपासण्यांच्या साधनांचीच फसगत होते. वसमतच्या हळदीचा यांत कांहींएक अपमान नाहीं. स्वयंपाकघरांत आणि हळदी-कुंकवांत तिचें स्थान अढळ आहे. मात्र कर्करोगाचें औषध म्हणून तिला जें आसन आपण परस्पर देऊन टाकतों, तें तिनें अद्याप मिळविलेलें नाहीं.

‘निदान अपाय तर नाहीं ना?’ असें म्हणून पुष्कळ जण या ठिकाणीं समाधान मानतात. त्यांनीं आणखी एका प्रयोगाची हकीकत ध्यानांत घ्यावी. ‘ई’ जीवनसत्त्व व सेलेनियम यांनीं प्रोस्टेटचा कर्करोग टळतो कीं काय हें पाहण्यासाठीं अमेरिकेंत व कॅनडांत २००१ सालीं ३५,५३३ निरोगी पुरुषांवर प्रयोग सुरू झाला. लाभ दिसेना म्हणून २००८ सालीं गोळ्या थांबविल्या. २०११ सालीं निष्पन्न झालें कीं, नुसतें ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग शेंकडा १७ नें अधिक आढळला. ज्या निरुपद्रवी गोळीनें रोग टळावा, तिनेंच तो वाढविला. तर्कानें, परंपरेनें किंवा सद्भावनेनें हें आधीं कळण्यास मार्ग नव्हता.

आतां या पक्षावरील सर्वांत गंभीर आक्षेपास उत्तर दिलें पाहिजे. मरणाच्या दारांत असलेल्या मनुष्यास तुमच्या वीस वर्षांच्या परीक्षेचा काय उपयोग? त्याला आज जें कांहीं आहे तें द्या. तो नाहीं तरी जाणारच. हा आक्षेप करुणेंतून येतो, म्हणून तो तुच्छ लेखतां येत नाहीं. पण त्याच्या पोटांत एक भयंकर गृहीत लपलेलें आहे: जो जाणारच आहे त्याच्यावर कांहींही करून पाहण्यास हरकत नाहीं. हें गृहीत कोठवर नेतें, तें आपल्याच देशानें पाहिलें आहे. १९९९-२००० सालीं तिरुवनंतपुरम येथील प्रादेशिक कर्करोग केंद्रांत तोंडाच्या कर्करोगाच्या दोन डझनांहून अधिक रुग्णांवर एका कृत्रिम संयुगाचा प्रयोग झाला. तें संयुग अमेरिकेंतील एका विद्यापीठांतून आलेलें होतें, आणि पुढें त्या विद्यापीठाच्याच चौकशींत असें ठरलें कीं, रीतसर संमति-मंडळाची मान्यता घेतलेली नव्हती आणि मनुष्यास देण्यापूर्वीं प्राण्यांवरील परीक्षाही पुरेशी झालेली नव्हती. माणसाला केवळ साधन म्हणून वापरूं नये, ही कांटची शिकवण आम्ही वर्गांतून शिकवितों. ती मरणासन्नासही लागू आहे. नव्हे, त्याला विशेषच लागू आहे, कारण ‘नाहीं’ म्हणण्याचें बळ त्याच्यांत सर्वांत कमी असतें.

दुसरें असें कीं, परीक्षा ही दयेला उशीर लावते हें मानणेंच बरोबर नाहीं. ॲबिराटेरोन हें संयुग लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेंत एकोणीसशें नव्वदच्या दशकाच्या प्रारंभीं घडविलें गेलें, आणि त्याचा निर्णायक प्रयोग २०११ सालीं प्रसिद्ध झाला. अन्य उपाय हरलेल्या १,१९५ रुग्णांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश रुग्णांना तें मिळालें, एक-तृतीयांश रुग्णांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी मिळाली. जोडीचें नेहमींचें औषध दोघांनाही होतें. मध्यवर्ती आयुर्मर्यादा एका गटांत १०.९ महिने होती, ती दुसऱ्यांत १४.८ झाली. चार महिने! ऐकणारास तें थोडें वाटेल. पण चार महिन्यांत नातीचें लग्न होतें, वाटणीचे कागद होतात, धाकट्याशीं तुटलेलें बोलणें पुन्हां सुरू होतें. आणि हे चार महिने खरे आहेत हें आपणांस कशावरून कळलें? ज्यांच्या वांट्यास निष्क्रिय गोळी आली त्या सुमारें ४०० पुरुषांमुळें. त्यांनीं जाणूनबुजून संमति दिली होती, आणि फरक स्पष्ट होतांच त्यांनाही औषध देऊं करण्यांत आलें. तोवर त्यांतील कित्येक निघून गेले होते. आज जो कोणी हें औषध घेतो तो त्यांचा ऋणी आहे. याच तत्त्वावर कार्य करणारें ऑर्टेरोनेल नांवाचें दुसरें संयुग आयुष्य वाढवितांना दिसलें नाहीं म्हणून २०१४ सालीं सोडून द्यावें लागलें. कल्पना तीच, लक्ष्य तेंच, फळ निराळें. कोणतें चालेल आणि कोणतें नाहीं हें बुद्धीनें आधीं सांगतां आलें असतें, तर परीक्षेची गरजच उरली नसती.

मग अडचण कोठें आहे? ती परीक्षकाच्या मनांत आहे. ज्यानें पांच वर्षें खपून संयुग घडविलें, त्याला तें यशस्वी व्हावें असें वाटतेंच. वाटणेंही स्वाभाविक आहे. त्यांत आजच्या काळीं पदवी, बढती व प्रतिष्ठा हीं निबंधांच्या संख्येवर टांगलेलीं. ‘क्रियाशील नाहीं’ असें लिहिलेला निबंध कोण छापतो? म्हणून दहांपैकीं नऊ संयुगांचा नकार कपाटांत राहतो, दहाव्याचा होकार तेवढा बाहेर पडतो, आणि वाचणारास वाटतें कीं, आमच्या प्रयोगशाळांत कल्पवृक्षच लागले आहेत. फलाशा सोडून कर्म करावें, हें आपण ‘गीतारहस्या’च्या (१९१५) काळापासून घरोघर बोलत आलों. पण फलाशा मनानें सुटणें फार कठीण. आधुनिक शास्त्रानें यावर एक व्यावहारिक तोड काढली. मन तिला सोडीत नसेल तर न सोडो. पण पद्धतच अशी ठेवावी कीं, फलाशेचा हात निकालापर्यंत पोहोंचूं नये. कोणास काय दिलें हें वैद्यासही कळूं न देणें. यशाची कसोटी आधींच लिहून ठेवणें. प्रयोगाची नोंद तो सुरू होण्यापूर्वींच सार्वजनिक करणें. ही शेवटची गोष्ट आपल्या देशांत १५ जून २००९ पासून सक्तीची झाली आहे. ज्याला संतांनीं वैराग्य म्हटलें त्याची ही नोंदवहींतील आवृत्ति आहे, असें आम्ही म्हणतों. मात्र हे नियम मनुष्यांवरील प्रयोगांना आहेत. भांड्यांतील पेशींपुरता तरी तो नियम प्रत्येकाने स्वतःच्या विवेकानें पाळावयाचा आहे.

तेरच्या गोरोबाकाकांनीं थापटण्यानें संतांच्या डोक्यांची परीक्षा केली, ही कथा आपणांपैकीं प्रत्येकानें बालपणीं ऐकली आहे. मुक्ताबाईच्या विचारण्यावरून काकांनीं थापटणें हातीं घेतलें. इतर संत शांत बसले, नामदेव कुरकुरले, आणि त्यांना ‘कच्चें मडकें’ ठरविण्यांत आलें. नामदेवांसारख्या भक्ताची भीड काकांनीं धरली नाहीं. त्यांनीं ती धरली असती, तर विसोबा खेचरांना गुरु करण्यासाठीं नामदेवांस औंढ्याची वाट कशाला धरावी लागती? कच्चें म्हणणें ही शिवी नव्हे. अजून भट्टी बाकी आहे एवढेंच तें सांगणें होय. उलट कच्च्या मडक्यांत पाणी भरलें, तर मडकेंही जातें आणि पाणीही. हा दृष्टांत अर्थात् एका ठिकाणीं थांबतो. नामदेव पक्के झाले. संयुगें बहुतेक कधींच पक्कीं होत नाहींत. पण त्यांचें कच्चेपण जर नीट लिहून ठेविलें, तर पुढच्या कुंभाराची माती आणि लांकडें वांचतात. हिंगोलीच्या एखाद्या विद्यार्थ्यानें आपलें संयुग निरुपयोगी ठरल्याचें प्रामाणिकपणें छापून ठेविलें, तर तें काम ‘आशादायक’ या विशेषणानें सजविलेल्या दहा निबंधांहून आम्ही मोलाचें मानूं. आम्हां अध्यापकांनीं त्याला त्याबद्दल गुण दिले पाहिजेत.

आणि आपण वाचकांनीं काय करावें? नव्या संयुगाची वार्ता वाचली कीं तीन प्रश्न विचारावे: हें भांड्यांत झालें कीं माणसांत? कशाशीं तुलना केली? किती जणांवर? दुसरें, अशा वार्तेच्या भरवशावर घरांतील उपचार लांबणीवर टाकूं नयेत. आपल्याकडे लघवीचा त्रास वृद्ध पुरुष लाजेनें लपवितो, आणि दुखणें हाडांत उतरल्यावर शहराचा रस्ता धरतो. ज्या उपायाचा पाया हगिन्स यांनीं १९४१ सालीं घातला, तो संप्रेरक थांबविण्याचा उपाय आजही चालतो; त्यांतील शस्त्रक्रियेचा प्रकार तर महागड्या इंजेक्शनांच्या मानानें स्वस्तांत होतो. पुरुषत्व जाईल या धसक्यानें तो नाकारणाऱ्या वडिलांशीं कोणीतरी, बहुधा मुलानेंच, समोर बसून बोललें पाहिजे. हें बोलणें अवघड आहे. पेशींवर चाललेल्या नव्या संयुगाची बातमी त्यांना वाचून दाखविणें त्याहून पुष्कळ सोपें आहे, आणि म्हणूनच तें टाळावें.